बाईसाहेबांच्या शेणातली पूड

दुपारी ट्रक येणार होता आणि बाईसाहेबांना कायमचं घेऊन जाणार होता. बाईसाहेब म्हणजे गोठ्यातली काळी गाय, नखरेल म्हणून हे नाव. खाते भरपूर पण पचवत काही नाही, असा तिचा निकाल लागला होता. निकाल लावणारी प्रयोगशाळेतली मॅडम, आणि सकाळपासून तिच्याच जिवाला चैन नव्हती. चहा ओतून घेतला, तो गार झाला. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा गोठ्यात आली.

"मॅडम, निर्णय झाला ना? मग कशाला येरझाऱ्या घालताय?" गोठ्यावरचे काका म्हणाले.

"अहो, तिच्या अंगावरची चकाकी बघा ना! न पचवणारी गाय अशी दिसते होय?"

हिशोब तसा सरळ होता. पिठाच्या गोळ्यात हिरवी पूड घालून गाईला भरवायची. ही पूड पचत नाही. जेवढी आत, तेवढीच बाहेर. शेणात ती विरळ निघाली, की समजायचं शेण फार पडतंय, म्हणजे चारा वायाच जातोय. बाईसाहेबांच्या शेणात पूड अगदीच विरळ. आता पूड मोजणाऱ्या यंत्राशी कोण भांडणार?

तरी राहवेना. मॅडमने एक गोळा केला आणि भरवला. बाईसाहेबांनी तोंड मिटलं, डोळे अर्धे झाकले. काय तो साळसूदपणा! रोज एवढं पाहून मॅडम पुढच्या गाईकडे पळायची. आज खांबाआड थांबली.

बाईसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मान वळवली आणि अख्खा गोळा जिभेने गव्हाणीमागच्या फटीत ढकलून दिला. मॅडम गुडघ्यांवर बसली. फटीत वाळक्या हिरव्या गोळ्यांचा ढीग होता.

"अगं लबाडे!" काका खो खो हसले.

मॅडमला हसू येईना. गिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा पहिला धडा. तो तिनेच घाईत धाब्यावर बसवला होता. तिने तिथूनच प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, ट्रक परत पाठवा. गाय चांगली आहे, चूक माझी आहे."

"अहो, मग तुमचे सगळेच आकडे बाद होतील. प्रबंध बुडाला म्हणून समजा."

"बुडू दे, सर." बोलून गेल्यावर तिला मोकळं वाटलं. तिने गाईच्या मानेवर थोपटलं. "वाचलीस गं बाई."

काका फट साफ करायला झाडू घेऊन वाकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेपाशी थबकले.

"मॅडम, जरा इकडे या."

तिथली फटही हिरवी होती. ती जागा पांढऱ्या गाईची. तीही याच हिशोबाने, याच ट्रकमधून, मागच्या महिन्यात गेली होती.

"काका, तिला कुठे नेलं हो?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. "आता ते विचारू नका, मॅडम," ते म्हणाले.