कापलेल्या पायांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसायचं असेल तर आधी विचारून बसा, कारण मी माणूस बघून वागते. आणि मी डूख धरते. लोकांना वाटतं लाकूड मुकं असतं. मुकं असतं खरं, पण विसरभोळं नसतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पिकेट्स फोर्ड गावी काळ्या मुलांची एक शाळा होती. तिच्या अंगणातलं पेकनचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, झाड एका वादळात कोसळलं. ते एवढं मोठं होतं की पडताना त्याची सावली आधी पडली आणि झाड जेवणाच्या सुट्टीनंतर पडलं. सुतारकामाच्या वर्गातल्या मुलांनी त्या लाकडातून मला घडवलं, ते मुख्याध्यापक ऑरीलियस टॉलिव्हर यांच्यासाठी. सर ताडमाड उंच, म्हणून माझे पायही उंच. सर माझ्यावर बसले की व्हरांड्यातली दंगेखोर पोरं आपोआप शर्ट खोचायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग कोर्टाचा हुकूम आला की काळी-गोरी मुलं एकाच शाळेत शिकतील. हुकूम चांगलाच होता हो! पण तो राबवणारे हात कोणाचे होते? आमच्या शाळेला कुलूप लागलं. मुलांनी जिंकलेले चषक कचऱ्याच्या गाडीत गेले. टॉलिव्हर सरांना गोऱ्यांच्या शाळेत नेमलं, पण तळघरातल्या पुस्तकांच्या खोलीत, पुस्तकं वाटायला आणि बसगाड्यांवर लक्ष ठेवायला. मला मात्र वरच्या कचेरीत नेलं. तिथले मुख्याध्यापक डॅब्नी हॉजेट यांना मी आवडले.

हॉजेट साहेब बुटके. माझ्यावर बसले की त्यांचे पाय लोंबकळायचे. सुताराला बोलवावं तर गावात कारण कळणार. म्हणून एका शनिवारी ते घरून करवत घेऊन आले, दार लावून घेतलं आणि माझे चारही पाय अर्धी अर्धी वीत कापले.

मित्रांनो, मी ओरडले. त्यांना वाटलं करवत कुरकुरली.

करवत धरायची सवय नव्हती, त्यामुळे तीन पाय सारखे कापले गेले आणि चौथा थोडा लांब राहिला. मी डुगडुगू लागले. आणि त्या दिवसापासून मी माझं उट्टं काढायला सुरुवात केली. बैठकीच्या कातड्याचा एक खिळा मी हळूहळू वर काढला. साहेबांच्या किती पँटी फाडल्या ते सांगत नाही, पण गावातल्या शिंपिणीनं त्या वर्षी घराला नवा मजला चढवला. पाहुण्यांसमोर ते गंभीरपणे पुढे झुकले की मी नेमका असा आवाज काढायची, की पाहुणे खिडकीबाहेर बघू लागत.

शेवटी कंटाळून त्यांनी चामड्याची फिरती खुर्ची मागवली आणि मला तळघरात ढकललं. त्यांना वाटलं, पीडा गेली. पीडा घरी आली होती! टॉलिव्हर सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कापलेले चार तुकडे त्यांनी कचऱ्यातून आधीच उचलून खिडकीत ठेवले होते.

रोज सकाळी वरून हाक यायची, "ए ऑरीलियस! ते वेळापत्रक जरा लावून दे रे!" सर लावून द्यायचे. नाव साहेबांचं व्हायचं. आणि गावात कुणी विचारलं, की एकही काळा मुख्याध्यापक का नाही, तर शाळा मंडळ म्हणायचं, "द्यायला आमची ना नाही. पण त्यांच्यात तयार माणूस आहे कुठे?"

"तयार नाही म्हणतात ना?" सर एका शुक्रवारी म्हणाले. "मग तयार करू."

त्यांच्या हाताखाली शिकलेली व्हर्डेल मिम्स आता तिथेच गणित शिकवत होती. बुटकी, चटपटीत, पिशवीत कायम उकडलेल्या शेंगा. मुख्याध्यापक व्हायचं तिनं लहानपणीच ठरवलं होतं, माझ्यावर बसलेल्या सरांकडे बघून. शाळा सुटली की ती खाली यायची. सर तिला माझ्यावर बसवायचे, स्वतः हॅट घालून चिडलेला गोरा बाप व्हायचे आणि दार आपटून आत यायचे.

"ए बाई! माझ्या पोराला वर्गाबाहेर काढलं कोणी? हेडमास्तर कुठाय?"

व्हर्डेल ताडकन उठली. मी खटकन वाजले. "मीच हेडमास्तर..."

"मेलीस," सर म्हणाले. "उठलीस की मेलीस. आता शाळा तो चालवणार."

"सर, ही खुर्चीच मेली डुगडुगते! पायाखाली पुठ्ठ्याची घडी तरी घाला."

"नाही घालणार. पोरी, तुला कधी खुर्ची दिलीच तर डुगडुगणारीच देतील. न डुगडुगणारी आपल्या भाच्यांसाठी ठेवतात. बस पुन्हा!"

ती पुन्हा बसली. पुन्हा पडता पडता वाचली. असे किती शुक्रवार गेले! सर कधी बाप व्हायचे, कधी मंडळाचे अध्यक्ष, कधी रडणारी आई. हळूहळू व्हर्डेलला माझं मर्म सापडलं. भार डाव्या अंगाला, टाच जमिनीत रोवलेली, आवाज खालच्या पट्टीत. मग कितीही आरडाओरडा झाला तरी मी हलत नसे. सरांनी वेळापत्रकही तिच्याच हाती दिलं, बसगाड्यांचे मार्गही.

आणि हॉजेट साहेबांना जिल्हा कचेरीत बढती मिळाली. अशा माणसांना धक्का दिला तरी ते वरच पडतात! आपल्या जागी त्यांना भाचा हवा होता, बड लॅसिटर, फुटबॉलचा शिक्षक. पण कोर्टाची नजर होती, म्हणून एका काळ्या उमेदवाराची मुलाखत घेणं भाग होतं. घ्यायची आणि घरी पाठवायचं, एवढाच बेत.

वाचनालयात पाच जणांचं मंडळ बसलं. आधी लॅसिटर, चामड्याच्या फिरत्या खुर्चीत. घाबरून तो सारखा डावीकडे उजवीकडे गरगरत राहिला. त्याची उत्तरं निम्मी भिंतीनं ऐकली. मग हॉजेट साहेबांनी ती खुर्ची बाजूला घेतली आणि शिपायाला हळूच सांगितलं, "बाईंसाठी खालची आण. ती जुनी." आणि अध्यक्षांना डोळा मारला.

मित्रांनो, मला वर आणलं तेव्हा मी आनंदानं थरथरत होते. व्हर्डेलनं मला पाहिलं, माझ्या हातांवर बोटं टेकवली आणि बसली. मी जमिनीला चिकटले. हॉजेट साहेब वाट बघत होते, खटकन कधी वाजते.

"बाई, तुम्ही एवढ्याशा," अध्यक्ष म्हणाले. "मैदानावर काळ्या-गोऱ्या पोरांची मारामारी झाली तर काय करणार?"

"काय करणार ते कशाला विचारता साहेब? काय केलं ते विचारा. गेल्या सामन्याला झालीच होती. लॅसिटर मास्तर कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून बसले होते. मी मध्ये गेले आणि प्रत्येकाला त्याच्या आईच्या नावानं हाक मारली. तुमचा धाकटाही होता त्यात. शाबूत आला ना घरी?"

कोपऱ्यात बसलेला लॅसिटर छताकडे बघू लागला. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"कान लाल होता त्याचा," ते म्हणाले. "कुणी धरला ते सांगेना."

"मीच धरला, साहेब."

"खोटं आहे!" हॉजेट साहेब ओरडले, उभे राहिले, टेबलावर हात आपटला. सरांचा चिडलेला बाप याहून मोठ्यानं ओरडायचा. व्हर्डेल उठली नाही. मी वाजले नाही. अध्यक्ष आधी तिच्याकडे बघत राहिले, मग हातवारे करणाऱ्या साहेबांकडे. तीन विरुद्ध दोन मतांनी व्हर्डेल मिम्स मुख्याध्यापिका झाली. तिसरं मत अध्यक्षांचं होतं.

फिरती खुर्ची तिनं लॅसिटरच्या खोलीत पाठवली आणि मला कचेरीत आणलं. आणि गंमत बघा! कापलेल्या पायांची मी तिला अशी बेतशीर बसले, जणू माप तिचंच घेतलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी टॉलिव्हर सर सरस आणि स्क्रू घेऊन आले. खिडकीतले ते चार तुकडे त्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीच्या पायांना खालून जोडले.

"सर, हे शोभतं का?" व्हर्डेल हसू दाबत म्हणाली. "तुम्ही तर रविवारी चर्चमध्ये म्हणालात, मी हॉजेटना माफ केलं."

"केलंय की. विसरायचं कबूल केलं नव्हतं."

जिल्हा कचेरीचे साहेब म्हणून हॉजेट दर महिन्याला तपासणीला येतात. पहिल्या वेळी सवयीनं ते माझ्याकडेच वळले.

"ती माझी, साहेब," व्हर्डेल म्हणाली. "तुमची ही."

ते चढून बसले. पाय लोंबकळले, पहिलीतल्या पोरासारखे. आणि कापताना एक तुकडा आखूड निघाला होता ना? त्यामुळे ती खुर्ची डुगडुगते. खटक. साहेब सावरून बसतात. खटक. समोर व्हर्डेल, दोन्ही टाचा जमिनीवर, शेंगांची वाटी पुढे सरकवते. "बोला साहेब, काय तपासायचंय?"

शुक्रवारी शाळा सुटली की ती खुर्ची मोकळी असते. मग व्हर्डेल नव्या काळ्या शिक्षकांना तिच्यावर बसवते आणि स्वतः हॅट घालून दार आपटते.

तर मित्रांनो, खुर्च्या फरफटवू नका, त्यांच्यावर नावं कोरू नका, पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवा. आणि कुणाचे पाय कापायचा मोह झालाच, तर कापलेले तुकडे घरी घेऊन जा. मागे ठेवलेत तर एक दिवस तुम्हालाच त्यांच्यावर चढून बसावं लागेल.