मोकळं मनगट

डोळे उघडले अन् पहिलं मनगटाकडं बघितलं. दोन्ही हात मोकळे! एक बांगडी न्हाई. उजवा हात तर माझा हाय का दुसऱ्या कुणाचा, तेबी कळंना. चिमटा काढला तरी काहीच न्हाई.

"पुनम, माझ्या बांगड्या कुठं गेल्या?"

सून डोळे पुसत म्हणाली, "आत्या, गप पडून ऱ्हावा. काढाव्या लागल्या."

काढाव्या लागल्या! नवरा जिवंत असताना बाईचं मनगट मोकळं ठेवत्यात का कुठं? बांगडी फुटली तर दुसरी भरेस्तोवर आम्ही निदान दोरा तरी बांधतो. इथं दोराबी न्हाई.

परवा निलंग्याच्या बाजारातून येताना आमची फटफटी घसरली. मी उजव्या खांद्यावर आपटले. हे रस्त्याच्या कडंला डोकं धरून बसलेले, सदरा रक्तानं भिजलेला. त्यानंतर मी त्यांना बघितलंच न्हाई. मला लातूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या गोळ्याचे चार तुकडे झालेत, कापून पट्टी अन् स्क्रू बसवावे लागतील. मी आपली एकच विचारायची, "मालक कुठं हायत?" माझा ल्योक शिवशंकर म्हणायचा, "घरी हायत." फोन लाव म्हटलं तर, "त्यांचा फोन फुटलाय." खरं काय अन् खोटं काय, डोस्कंच चालंना.

आता मोकळं मनगट बघून सगळं कळलं. मी हंबरडाच फोडला. नर्स पळत आली.

"केवळाबाई, हात सुन्न केलाय. संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर. आधी सांगितलं होतं ना?"

"हात गेला खड्ड्यात! माझा माणूस कुठाय ते सांग!"

अन् दारात हे. डोक्याला पट्टी, हातात जेवणाचा डबा. मी बघतच राहिले. खरे हायत, का गुंगीच्या औषधानं दिसायलेत?

"अगं, काय झालं?"

"दोन दिवस कुठं होतात?"

"म्हैस. तू न्हाईतर मी, तिसऱ्याला हात लावू देती का ती?"

"मी इथं रंडकी होऊन बसले अन् तुम्ही म्हैस पिळत बसलात!"

पुनम घाबरून म्हणाली, "आत्या, ऑपरेशनसाठी काढल्या हो बांगड्या, तुम्ही गुंगीत होता तवा. मी दोरे बांधले होते, आत नेल्यावर त्यांनी तेबी कापले."

ह्यांनी खांद्यावरच्या गमज्याचा दोरा उपसला अन् माझ्या सुजलेल्या उजव्या मनगटाला सैलसर बांधला. मला त्यांची बोटं जाणवलीच न्हाईत.

"डाव्याला बांधा," मी म्हटलं.

"तिथं सलाईन हाय की."

"असू द्या. तो हात जागा हाय."

त्यांनी डाव्याला बांधला. बोटं खरखरीत लागली, तवा कुठं मला पटलं.