दसऱ्याला चालू राहिलेली मशीन

स्वप्नालीने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या निळ्या डागावर बोट ठेवले आणि तो नखाने खरवडून पाहिला. डाग जाईना. मग तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. डाग पडद्यावर नसून आतल्या चित्रात आहे हे तिला ठाऊक होते, पण सकाळपासून बाकी सगळे तपासून झाले होते.

चित्र होते मशीनच्या पोटाचे. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात लेथ, मिलिंग, ग्राइंडर अशी डझनभर यंत्रे होती आणि ती सगळी पोलाद कापून वस्तू करीत. ही जर्मनीहून आलेली एकटीच उलट्या डोक्याची. ती पोलादाची मैद्यासारखी बारीक पूड पसरायची, लेझरने हवी तेवढी वितळवायची, त्यावर पुन्हा पूड, पुन्हा लेझर. थरावर थर चढत वस्तू उभी राहायची. प्रत्येक थर किती तापला हे काचेबाहेर बसवलेला उष्णतेचा कॅमेरा बघत असे आणि पडद्यावर रंगांत दाखवत असे. नीट तापलेला भाग केशरी, कमी तापलेला निळा. निळे म्हणजे पूड अर्धवट वितळली, आत बारीक पोकळ्या राहिल्या. वरून वस्तू नवरीसारखी देखणी दिसली तरी ती भंगारातच जायची.

या वेळी मशीनमध्ये चढत होता औषधाच्या बाटलीच्या झाकणाच्या साच्याचा गाभा. साचा थंड ठेवायला त्याच्या आतून पाणी फिरवायची नागमोडी वाट होती, जी कुठल्याही ड्रिलने पाडता आली नसती. पुण्याच्या गिऱ्हाइकाने बजावले होते की वस्तूबरोबर प्रत्येक थराच्या तापमानाचा आलेख हवा, नाहीतर माल परत. नव्या मशीनचे हे पहिले मोठे काम. ते फसले तर मशीन विकून टाकीन, असे मालक कमळाकर भोईर चारचौघांत बोलून बसले होते. स्वप्नालीला नोकरीवर घेतले होते ते या मशीनसाठीच. मशीन गेली की तिलाही घरचा रस्ता.

डाग पडला होता दसऱ्याच्या दिवशी. जुन्या थरांची चित्रे उलटत गेले की दसऱ्याच्या सकाळपर्यंत सगळे केशरी आणि दुपारपासून एका कोपऱ्यात हा निळा बेटा ठाण मांडून बसलेला. आणि त्या दिवशी स्वप्नाली रजेवर होती; ती कामावर परतली ती याच सकाळी.

दसऱ्याला कारखान्यात कुठलेच यंत्र चालत नाही. सगळी धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून, हळदकुंकू लावून दिवसभर आराम करतात. कमळाकरशेठनी या मशीनलाही सुट्टी द्यायचे ठरवले होते. स्वप्नालीने अडवले. एकदा थांबवली की खालचा थर थंड होणार, मग वरचा त्यावर नीट बसणार नाही, केलेले सगळे वाया जाणार. शेठनी नाराजीने मान हलवली होती. मशीनवर लक्ष ठेवायला त्यांचा पुतण्या अल्पेश राहिला. त्याचे नवे लग्न झालेले, सासरचे आमंत्रण सोडून बिचारा दिवसभर स्टुलावर बसून होता.

आता लेथवरचा शिवराम येता-जाता टोमणे मारत होता की सणाच्या दिवशी राबवली, रुसली बघा. चार जण हसत होते. स्वप्नालीला हसू येत नव्हते.

शेठ आले ते थेट पडद्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, सीधी बात सांगतो. मी म्हणालो होतो बंद ठेवू. तुम्ही ऐकलं नाय."

"थांबवली असती तर काम तिथेच गेलं असतं, शेठ."

"मग आता काय ऱ्हायलंय? आणि सणाच्या दिवशी तुम्ही स्वतः पण नव्हता."

शेठनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. तोवर दोष सापडला नाही तर मशीन बंद. फुकट पूड आणि मशीनमध्ये भरायचा गॅस वाया घालवण्यात अर्थ नाही. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि त्याचेच तिला जास्त वाईट वाटले.

रजा घेताना तिने घरी कार्य आहे असे सांगितले होते. खरे म्हणजे ती आईवडिलांबरोबर नागपूरला गेली होती, दीक्षाभूमीवर. वडील रामभाऊ लहानपणी त्यांच्या वडिलांचे बोट धरून जायचे, आता ते तिला नेतात. दसऱ्याचा दिवस त्यांच्या घरात वर्षातला सगळ्यात मोठा. पण तिच्या जाधव आडनावावरून कुणाला काही कळत नाही, आणि तिने कळू दिले नव्हते. आधीच्या नोकरीत खरे सांगून झाले होते. घराजवळून, उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीतून रोज तिच्याबरोबर एका रिक्षाने येणारी मैत्रीण दुसऱ्याच दिवसापासून लवकर निघायला लागली. भांडण नाही, तंटा नाही, फक्त रिक्षा वेगळी झाली. म्हणून इथे घरचे कार्य. आणि आता शेठचे 'सणाच्या दिवशी तुम्ही स्वतः पण नव्हता' हे वाक्य तिच्या कानात फिरत होते. 'सणाचं हिला काय' असे कुणी म्हणाले नव्हते, पण कळले तर म्हणतील अशी तिला धास्ती होती. मशीन चालू ठेवा हा हट्ट तिने मशीनसाठीच धरला होता, हे मग कोण ऐकून घेणार?

तिने अल्पेशला पुन्हा बोलावले. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली की कशालाही हात लावलेला नाही. लेझरची ताकद तीच होती, गॅसही तोच, पुडीचा डबाही तोच. मग कोपरा थंड का?

ती खुर्ची पुढे ओढून दसऱ्यापासूनची चित्रे एकामागून एक बघू लागली. थर वर चढत होते तसा गाभ्याचा आकार बदलत होता. आधी रुंद, मग निमुळता, मधली पाण्याची वाट कधी डावीकडे, कधी उजवीकडे. निळा डाग मात्र इंचभरही हलला नव्हता. त्याचा आकारही बदलला नव्हता. वस्तू बदलते आणि तिच्यातली खोट तशीच राहते, हे कसे?

तिने उठून कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा किंचित वळवला. पडद्यावर गाभा एका बाजूला सरकला. डाग होता तिथेच राहिला.

डाग वस्तूत नव्हता, कॅमेऱ्यात होता.

ट्यूबलाइटचा उजेड येऊ नये म्हणून कॅमेऱ्यावर तिने पत्र्याचे खोके बसवून घेतले होते. ते उंचावर, शिवाय आत अंधार, त्यामुळे कुणी त्यात डोकावत नसे. ती स्टुलावर चढली, खोके काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेच्या एका बाजूला फासल्यासारखे काहीतरी चकाकत होते. तिने बोट लावून वास घेतला. खोबरेल तेल. पत्र्याच्या आतल्या कडेला लाल बोट उमटले होते आणि तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

खाली पुतळाकाकी झाडू मारायची थांबली होती. काकी म्हणजे शेठच्या भावकीतली म्हातारी. शेठना तिने कडेवर खेळवलेले, आणि कारखाना निघाल्यापासून झाडलोट तिचीच.

"काकी, हे तुम्ही लावलंत?"

काकीने झाडू भिंतीला टेकवला. लपवालपवी तिला जमत नव्हती.

"सगल्या मशिनींना हार घातला, कुकू लावला," ती म्हणाली. "ही एकटीच चालू. दार उघडायचा नाय म्हनं. मशीन तुजी, आनि तू पन नाय. तिचा कोन करनार? मना बरा नाय वाटला."

"मग?"

"दार बंद, मंग स्टुलावर चढले न् तिच्या त्या वरच्या डब्यान हात घातला. बोट काचंला लागला. मंग पदरान पुसला चांगला."

अल्पेश म्हणाला की असे होऊच शकत नाही, तो जागचा हलला नव्हता. मग त्याला आठवले की पेढा घ्यायला तेवढा गेला होता.

कुंकू पुसले गेले होते, पण ते ज्या तेलात कालवले होते ते पदराने काचेच्या एका बाजूला पसरवले होते. माणसाच्या डोळ्याला जे जेमतेम दिसत होते, त्याने उष्णतेच्या कॅमेऱ्याचा एक कोपरा झाकून टाकला होता. स्वप्नालीने काच स्पिरिटने स्वच्छ केली, कॅमेरा पूर्वीसारखा वळवला आणि खोके परत बसवले. मशीनमध्ये पूड पसरणारी पट्टी सरसर फिरली, लेझर फिरला, आणि पडद्यावर नवा थर उमटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी.

पुढचा थरही तसाच आला आणि त्याच्या पुढचाही. तेव्हा कुठे ती खाली बसली. गाभा चांगला होता, सगळाच्या सगळा चांगला होता. तिला मोठ्याने रडावेसे किंवा हसावेसे वाटत होते. तिने अल्पेशच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोही हसू लागला.

शेठ जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करायच्या तयारीनेच आले. तिने त्यांना आधीचे थर दाखवले, नंतरचे दाखवले, कॅमेरा वळवल्यावर डाग जागचा कसा हलला नाही ते दाखवले. शेठ दोनदा बघून घेतात अशा माणसांपैकी. त्यांनी तिसऱ्यांदाही बघितले. गिऱ्हाइकाला काय सांगायचे, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली की जे झाले तेच सांगू, ही चित्रेच दाखवू. ते पटले त्यांना. त्यांनी खुर्चीत बसून रुमालाने मान पुसली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की सकाळपासून आपल्याइतकेच तेही घाबरलेले होते.

"पण काचेवर तेल आलं कुठून?"

स्वप्नाली स्पिरिटची बाटली जागेवर ठेवू लागली.

"मी लावला, कमळाकर," काकी म्हणाली.

शेठनी तिच्याकडे पाहिले, रागवायला तोंड उघडले आणि मिटले. लहानपणी जिच्या हातचा मार खाल्ला तिला रागवायचे म्हणजे अवघडच.

"आणि शिवराम म्हणतो मशीन रुसली," ते शेवटी म्हणाले.

"ती कशाला रुसल? तिचा डोला मीच झाकला." मग काकी स्वप्नालीकडे वळली. "पन तू कुठं गेलतीस गं, सनाची?"

घरचे कार्य हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होते. काकीने मात्र काही लपवले नव्हते, आणि ती अजून उत्तराची वाट बघत होती. स्वप्नालीने ओढणी सारखी केली.

"नागपूरला. दीक्षाभूमीवर. आम्ही दरवर्षी जातो दसऱ्याला."

अल्पेश जमिनीकडे बघू लागला. शेठ पडद्याकडे बघत राहिले. एक थर पुरा झाला, दुसरा सुरू झाला.

"लय लांब हाय ना?" काकीने विचारले.

"रात्रभराची गाडी आहे."

"न् एवढ्या मानसांचा जेवनाचा कसा करतान?"

"रस्त्यारस्त्यावर लोक वाढतात, काकी. कुणी उपाशी राहत नाही."

काकीला ते पसंत पडले. तिने मान डोलावली. शेठ अजून पडद्याकडेच बघत होते, आणि बोलले तेही पडद्याकडे बघतच.

"मला आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही, मॅडम." स्वप्नालीने त्यांच्याकडे पाहिले. "दरवर्षीचं आहे तर त्या हिशोबाने कामं लावायला पाहिजेत ना. दसऱ्याच्या आठवड्यात या मशीनवर मोठं काम घ्यायचंच नाय. तुम्ही जाऊन या, मशीन पण आराम करेल."

तिने होकारार्थी मान हलवली.

"मंग झ्याक झाला," पुतळाकाकी म्हणाली. "बंद आसल तर दार पन उघडल. पुढच्या वर्षी आत हात घालून नीट कुकू लावते."

"आत नको, काकी," शेठ आणि स्वप्नाली एकदमच म्हणाले.