एकशे साडेचार अंश

मित्रांनो, मला आधी नीट बघून घ्या. एक लाल लाकडी गोळा, त्याला खुंट्यांवर बसवलेले दोन पांढरे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला पाण्याचा रेणू. वयानं जुना आणि आता चुकीचा.

चुकीचा कसा झालो?

मला घडवलं विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या धाकट्या भावानं. तो सुतार. "एकशे साडेचार अंश? ताई, गिऱ्हाईक काटकोनावरून हुज्जत घालतं आणि तू अर्धा अंश मागतेस!" असं कुरकुरत त्यानं तीन गोळे वाया घालवले. चौथा मी.

वर्गात बाई मला उंच धरायच्या. "हा वाकलाय, म्हणून याची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. गोठताना तर हात लांब करून, मध्ये जागा सोडून उभे राहतात. म्हणून बर्फ हलका. तळं वरून गोठतं, खाली मासे जगतात." केवढा रुबाब होता माझा!

मग भाऊ गेला. बाई महिनाभर रजेवर.

त्या महिन्यात प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी मला कपाटातून काढलं. पुसलं. एक खुंटी उपटली, दुसरीच्या बरोबर समोर नवं भोक पाडलं, जुनं भोक पुट्टी भरून बुजवलं, वर रंग दिला. ओरडावंसं वाटलं. लाकडाला तोंड कुठलं?

बाई आल्या. भर वर्गात मला उचललं. अंगठा सवयीनं कोनात टेकायला गेला. घसरला.

दारातून मामा म्हणाले, "किती वर्षं वाकडाच होता बघा. म्हटलं, तुमच्या भावाच्या हातची वस्तू, नीट करून ठेवावी."

बाईंनी नवी खुंटी चाचपली. मग म्हणाल्या, "खुंटी घट्ट बसवलीत हो, मामा."

मामा खूश होऊन गेले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पण रेणू खरंच असा सरळ असता तर?"

"तर पाण्यानं पाण्याला असं धरून ठेवलं नसतं गं."

मला टेबलावर ठेवून बाईंनी फळ्यावर कोन काढला. रेघ जुळली नाही. पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पुसली.

मित्रांनो, मामांवर रागावू नका, त्यांची माया खरी होती. पण वाकडं दिसलं की सरळ करायला धावू नका. ते तसं का आहे, हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. मला पुन्हा वाकवतील, भोक पाडणारे हात पुष्कळ आहेत. पण बाईंच्या भावानं पाडलेलं ते भोक आता नाही.