ग्लेंडाच्या कमरेचे पिस्तूल

मित्रांनो, ज्यांना लपून राहण्यासाठीच घडवले जाते, त्या जातीचे मी एक जुने, लहानसे पिस्तूल आहे. कारखान्यातून मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका दुकानात आले. "सदऱ्याखाली ठेवलंत तर देवालाही दिसायचं नाही," अशी दुकानदाराने माझी स्तुती केली. पुढे कोणी माझी स्तुती केल्याचे मला आठवत नाही.

मला ग्लेंडा एस्टेप नावाच्या नर्सने विकत घेतले. एका कंपनीसाठी ती डोंगरातल्या आडवाटेच्या घरांत जाऊन आजारी म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायची. एका घरी रुग्णाच्या दारुड्या मुलाने तिला खोलीत कोंडले होते. तिने साहेबांकडे, म्हणजे रॉस्को लायकिन्सकडे, सोबतीला माणूस मागितला.

"माणूस कुठून आणू, बाई?" तो म्हणाला.

"मग पिस्तूल ठेवू का जवळ?"

कंपनीची तर सक्त मनाई होती. रॉस्कोने डोळा मारला. "तू काही विचारलं नाहीस, मी काही ऐकलं नाही."

तेव्हापासून मी तिच्या कमरेला. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी तिला टोचत राही, उन्हाळ्यात तिची कातडी सोलून निघे. सगळ्यांत जपावे लागे ते मिस ओपल या रुग्ण म्हातारीकडे. घरात नवरा असला तरी तिला सगळे मिस ओपलच म्हणत. ती निरोप देताना गळ्यात पडे आणि मी हाताला लागू नये म्हणून ग्लेंडा अंग चोरून घेई.

"माझी मिठी नकोशी झाली का गं, भवाने?" ओपल चिडवायची. ग्लेंडा खोटे हसायची. मला फार वाईट वाटे.

एके दुपारी ओपलच्या पायाची पट्टी बदलून ग्लेंडा तिथल्या शौचालयात गेली. कमरपट्टा सैल केला की मी घसरून पडते, म्हणून तिने मला पाण्याच्या टाकीवर ठेवले. आणि ती मला तिथेच विसरली. आम्हाला कमरेला बाळगणारी माणसे नेमकी हीच चूक करतात.

ओपलचा नवरा व्हर्जिल याला विस्मरणाचा आजार होता. त्याने मला उचलले आणि तो ओसरीवर जाऊन बसला. वाटेत कंबर हलकी लागताच ग्लेंडाने गाडी वळवली. ती धापा टाकत अंगणात आली. आयुष्यात मला एकदाच कुणावर रोखले गेले, तेही तिच्यावरच.

"कोण गं तू? इथं काय काम?"

ग्लेंडाने हात वर केले. "मी ग्लेंडा. मिस ओपलचा पाय बघायला येते ना, तीच."

आतून ओपल ओरडली, "अहो, ठेवा ते खाली! पोरगी घरची आहे. मक्याचा पाव गार होतोय, आत या बघू!"

म्हातारा विचारात पडला. मग मला खुर्चीवर ठेवून जेवायला गेला.

ग्लेंडाने स्वतःच साहेबांना सगळे सांगितले. आपल्या हातून केवढा घात झाला असता, हे तिला पोटात ठेववेना.

"नियम कागदावर आहे, ग्लेंडा," रॉस्को म्हणाला. "मला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिची नोकरी गेली.

आता मी तिच्या कपाटात गंजत पडले आहे. मला तेल नको आणि तुमची कीवही नको. ओपलची पट्टी बदलायला एक नवी मुलगी जाते म्हणे, तीही एकटीच. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी साहेब झालात, तर अशा मुलीबरोबर एक माणूस पाठवा. तिने पिस्तूल घेण्याआधी पाठवा.