आठव्या छेदावरचं घर

कालव्यातल्या पाण्याची पातळी काढताना सुरुवात खालून करायची. शेवटच्या दरवाजाशी पाणी किती उभं राहणार हे ठरलेलं असतं. तिथून शंभर-शंभर मीटर मागे सरकत प्रत्येक छेदावर, म्हणजे कालव्याच्या आडव्या मापाच्या जागी, आकडा काढत यायचं. आठव्या छेदावर माझ्या धाकट्या भावाचं घर आहे.

नवा दरवाजा झाला तरी काठावरची घरं कोरडी राहतील, हे गणित सहा वर्षांपूर्वी मीच केलं होतं. मापं घ्यायला गेले, तर मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून आदल्या दिवशीच कालवा घासूनपुसून चकाचक केलेला. त्या गुळगुळीत तळावरून मी खरखरीतपणाचा, म्हणजे तळ पाण्याला किती अडवतो त्याचा, आकडा धरला आणि ठोकली सही. एका दिवसापुरता नटलेला कालवा मी बारा महिन्यांचा समजले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! त्याच कागदाच्या भरवशावर भावाने घर घेतलं.

आता तळाला हातभर गवत आहे आणि सोमवारी पाणी अडवायला नवा दरवाजा खाली सोडणार आहेत.

"मॅडम, गवताचा आकडा जरा कमी धरा," साहेब माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले. "बसतंय सगळं."

कमी धरला. घर पाण्याच्या चार बोटं वर, कोरडं राहिलं. खरा धरला. उंबरठ्यावर वीतभर पाणी. पुन्हा कमी, पुन्हा खरा. खरं लिहावं तर माझीच सही माझ्या उरावर बसणार, न लिहावं तर भावाची लेकरं पाण्यात. मला रडू येत होतं आणि साहेब हलत नव्हते.

शेवटी खरा आकडा लिहिला. जुनं गणित चुकलं होतं, तेही लिहिलं.

"वर पाठवतो," साहेब कागद उचलत म्हणाले. "वाचतील तेव्हा वाचतील. दरवाजा काही थांबत नाही."

मी लगेच भावाला फोन लावला. "सोमवारच्या आत घर सोड. माझं गणित चुकलंय."

तो हसला. "ताई, तू आणि चुकणार? अगं, काल आमची अख्खी ओळ घाबरून सामान बांधत होती. मी दारोदार जाऊन तुझा कागद दाखवला. तुझी सही बघून सगळ्यांनी बांधलेलं सामान परत सोडलं."