आईची बॅग आणि खरबुजाचा वेल

आईला आमच्याकडे थांबवून घ्यायचं तर घरात काहीतरी अर्धवट असावं लागतं. ती जन्मभर शिवणकाम करत आली. टाका अर्ध्यावर टाकून ती उठणार नाही आणि शेवटची गाठ मारली की घटकाभर बसणार नाही. आली ती माझ्या तान्ह्या लेकीची, ठकूची झबली शिवायला म्हणून. झबली झाली, दुपटी झाली, पडदे झाले, माझ्या नवऱ्याच्या पँटी कमरेत सैल करून झाल्या. बाबा गेल्यापासून तिच्या घरी तिची वाट बघणारं एका कुलपाशिवाय कुणी नाही. तरी बॅग भरून खिडकीखालच्या खुर्चीवर तयारच. मग ठकू दुपारी झोपली की मी गुपचूप पडद्यांची दुमड उसवायला लागले.

"तुमच्याकडचे उंदीर भारी हुशार गं," आई चष्मा पुसत म्हणाली. "कापड कुरतडत नाहीत. नेमका टाकाच उसवतात."

तेव्हा मी बागेकडे मोर्चा वळवला.

बाग म्हणजे मागच्या दारची गादीएवढी पट्टी. बाकी सगळ्या अंगणावर पाण्याच्या टाकीची सावली. मी खरबुजाचं बी एका डब्यात रुजवलं होतं, कारण खरबुजाला अख्खा उन्हाळा लागतो. पण त्या पट्टीवर नवऱ्याचाही डोळा होता. ऑफिसातलं कुणीतरी बदली होताना डेलिली नावाचं लिलीसारखं फुलझाड मागे सोडून गेलं होतं, ते त्याने कुंडीसकट घरी आणलं होतं.

नवरा खरेदी विभागात आहे. तिथे दोन वस्तू समोरासमोर ठेवल्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नाहीत. रविवारी त्याने शर्ट खोचला, दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर डेलिली, दुसरीवर वेलाचा डबा. मी आणि मांडीवरची ठकू निवड समिती, आई बाहेरची तज्ज्ञ.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," तो डेलिलीला म्हणाला.

डेलिली गप्प. नारिंगी फूल मात्र असं उमललेलं, की जसा काही प्रश्न आपल्याला नव्हताच.

"शांत स्वभाव," नवरा खूश होऊन म्हणाला.

"फूल एकच दिवस टिकतं," मी म्हणाले. "सकाळी आलं, संध्याकाळी गेलं. रोज कुणाकुणासाठी डोळे पुसायचे?"

"दुसऱ्या दिवशी दुसरं येतं ना! मुळं जाग्यावर, पसारा नाही. आणि तुझा वेल? घर डोक्यावर घेणार, ढसाढसा पाणी पिणार आणि दोन फळं देऊन मरणार." मग तो डब्याकडे वळला. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

वेल काही बोलला नाही, पण प्रश्न चालू असतानाच त्याच्या कोवळ्या तणाव्याने नवऱ्याच्या पेनला विळखा घातला. नवऱ्याने ओढलं. वेल सोडेना.

"हे दबाव आणणं झालं!"

"होतकरू आहे हो जावईबापू," आई म्हणाली. "धरलेलं सोडत नाही. याला किती वेळ लागतो गं?"

"उन्हाळा संपेपर्यंत," मी म्हणाले, आणि ठकूच्या केसांत तोंड लपवलं.

प्रश्न काही केल्या संपेनात. ऊन कलतं झालं आणि सगळ्यांच्या देखत डेलिलीचं फूल मिटलं.

"उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेला," मी म्हणाले. पट्टी वेलाला मिळाली. डेलिलीला पायरीवर कुंडीतच ठेवून तो तिला हळूच म्हणाला, "तुम्हाला कळवतो."

"आता फळ बघूनच जाईन," आई म्हणाली. मी त्या दिवशी इतक्या आनंदाने भात करपवला, की कुणी बोललंच नाही.

वेल मात्र नवरा म्हणाला तसाच निघाला. आठवडाभरात कठडा गेला. मग कपड्यांची दोरी गेली, दोरीवरचं नवऱ्याचं बनियनही गेलं. ते ओढून काढण्यापेक्षा त्याने दुसरं आणलं. वेल खिडकीतून आत शिरला. आधी त्याने पाण्याचा नळ धरला, मग पंख्याचं बटण. ठकूच्या पाळण्याच्या दोरीला विळखा घातला आणि वारा आला की पाळणा आपोआप हलायला लागला. त्याबद्दल त्याला सगळे गुन्हे माफ झाले. सकाळी नळ हवा असेल तर आम्ही "जरा बाजूला व्हा" म्हणायचो, आणि नवरा तर "प्लीज"ही म्हणायचा.

पहिलं फळ धरलं ते आईच्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला. लिंबाएवढं होतं तोवर लोंबकळत राहिलं. पेरूएवढं झालं तशी आई अस्वस्थ झाली.

"वजनाने देठ तुटेल. खाली काहीतरी आधार हवा." तिने इकडेतिकडे पाहिलं. घरात उशा होत्या, टोपल्या होत्या, शिवायला कापडही होतं. तिने खुर्ची पुढे सरकवली, भरलेल्या बॅगेची चेन उघडली आणि घडी केलेल्या लुगड्यांवर ते फळ अलगद ठेवलं.

"आता माझी बॅग अडकली," ती रागावून म्हणाली. "हे बघ, काय करून ठेवलंस!"

फळ बॅगेत वाढत राहिलं. चेन लागेना. रोज सकाळी आई वाकून त्यावर बोटाने टकटक करायची, कान लावायची आणि म्हणायची, "अजून नाही." मी चहा गाळता गाळता श्वास सोडायचे. उन्हाळा संपला. वेलाची पानं पिवळी पडली. "अजून नाही."

मग एका सकाळी घरभर वास सुटला. असा गोड, दाट, की ठकू पाळण्यातच तोंड उघडून बसली. खरबूज पिकलं की वासाने ओरडून सांगतं, त्याला कान लावावा लागत नाही.

आई नाक ओढत बाहेर आली. "सर्दी झालीय गं मला. काही म्हणजे काही कळत नाहीये."

"मलाही," मी म्हणाले. "नाक गच्च आहे."

आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता चहा प्यायलो.

आई आंघोळीला गेल्यावर मी बॅगेत डोकावले. मनात होतं, देठ अजून धरून असेल तर आणखी दोन-चार दिवस निघतील. देठ धरून नव्हता. पिकलेलं खरबूज देठापासून आपसूक सुटतं, तसं ते केव्हाच सुटलेलं होतं. आणि ते पुन्हा वेलाला शिवलेलं होतं. हिरव्या दोऱ्याने, इतक्या बारीक टाक्यांनी, की आईशिवाय कुणाच्या हाताला जमायचे नाहीत. टाके एकाच दिवसाचे नव्हते. जुना दोरा झिजून तुटला होता, तिथे नवा घातलेला होता.

मी हळूच चेन होती तशी ओढली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी विसळत बसले. मला कधीपासून वाटत होतं, की तिचं जाणं उसवणारी एकटी मीच.

आणि नेमका तेव्हा नवरा आईच्या खोलीत शिरला.

"अगं, कसला मस्त वास आहे! पिकलं की!" मी धावत जाऊन काही म्हणायच्या आत त्याने दोन्ही हातांनी खरबूज उचललं. टाके टरकन तुटले. त्याने दोऱ्याकडे बघितलं, आंघोळीहून आलेल्या आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या जातीला दोरे असतात का?"

"असतात," आई आणि मी एकदम म्हणालो.

खरबूज कापलं. ठकूने कोपरापर्यंत रस ओघळवला. आईने बिया धुऊन वाळत घातल्या, सुरी पुसली आणि बॅगेतली लुगडी झटकून पुन्हा घडी केली. काम संपलं होतं. मी माझी फोड ठकूपुढे सरकवली.

नवऱ्याने वाळलेला वेल नळावरून, बटणावरून सोडवला. पाळणा थांबला. "आमच्याकडे पहिल्याची मुदत संपली की दुसऱ्याला बोलावतात," असं म्हणून त्याने पायरीवरची डेलिली उचलून पट्टीत लावली.

आई बॅग घेऊन मागच्या दारी निरोप घ्यायला आली. डेलिलीवर कालचं सुकलेलं फूल लोंबत होतं.

"असं मरगळलेलं दारात ठेवून कशी जाऊ?" ती वाकली, ते खुडलं. मागेच एक कळी होती, टच्च भरलेली.

"ही कधी उमलेल?"

"उद्या," नवरा म्हणाला. "आणि संध्याकाळी सुकेल. परवा तिच्या शेजारची. बहर सरला तरी कंद फुटतात, ते वेगळे करून लावायचे. एकदा लागली की कित्येक वर्षं हटत नाही. मी मुलाखतीत हेच सांगत होतो, कुणी ऐकलंच नाही."

आईने कळी दोन बोटांत धरून पाहिली.

"रोज संपतं आणि संपतच नाही," ती पुटपुटली. "फार चुकार झाड आहे. कुणीतरी मागे लागायला हवं."

तिने बॅग खाली ठेवली. चेन अजूनही लागत नव्हती. ठकू रांगत आली आणि थेट त्या लुगड्यांवर जाऊन बसली. आतून खरबुजाचा वास आला.

"हिला काढ बाई माझ्या बॅगेतून," आई म्हणाली.

"झोप लागतेय तिला," मी म्हणाले. "आत्ता नको."

"बरं," आई म्हणाली आणि चष्मा घालून पुढची कळी बघायला खाली बसली.